वाया जाणारी उष्णता

जुना रेंज काढायला मी, माझा उमेदवार
आणि खालच्या शेतावरचा हॉवेल.
बिडाचं धूड ते, एकसंध हलेना.
तुकड्यातुकड्यानं नेलं अंगणात.
एलुनेदबाई एवढंच म्हणाल्या, "सावकाश,"
जसं काही आम्ही कुणा दुखणाईताला हलवत होतो.

भिंतीवर उरला काजळीचा चौकोन
आणि खाली, स्लेटच्या फरशीत, एक उथळ खळगा.
कुत्र्यांनी झोपून झोपून झिजवलेला.
किती कुत्री? त्यांनी बोटांवर मोजली. सहा.
सातवं, मॉट, दारात उभं होतं,
चोरांकडे बघावं तसं आमच्याकडे बघत.

माझं काम सरळ.
फ्यूजच्या पेटीपासून दहा मिलिमीटरची केबल,
चाळीस अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर,
भिंतीवर मोठा लाल स्विच, सहज हात पोचेल असा.
सरळ म्हणतोय, पण बेथेस्डाच्या वरची ही घरं
अडीच फूट दगडाची.
ड्रिलची दोन पाती मोडली.
तिसरं पलीकडे निघालं ते कोठीघरात,
जॅमच्या फळीवर. गूजबेरीची एक बरणी गेली.
"असू दे," बाई म्हणाल्या, "ग्विलिमला आवडायचा तो. मला कधीच नाही."
ग्विलिमला जाऊन चार वर्षं झाली होती.

नवा कुकर नव्वद सेंटीमीटर रुंद.
दार बिजागरीतून उतरवलं तेव्हा कुठे आत आला.
वर काळी काच. बाईंनी तिच्यात वाकून बघितलं
आणि केस सारखे केले.

मग भांड्यांची परीक्षा.
फ्रिजवरचं एक चुंबक घेतलं,
लँडिडनोच्या किनाऱ्यावरचं गाढव होतं त्याच्यावर.
तांब्याच्या पातेल्यावरून गाढव घसरलं.
अ‍ॅल्युमिनियमच्या तिन्हींवरून घसरलं.
लग्नातल्या स्टीलच्या सेटवर चिकटलं, पण मन नसल्यासारखं.
शेवटी त्यांनी खिळ्यावरून तवा काढला,
सासूच्या सासूचा, बिडाचा, कड्याचा.
खण्!
गाढव सोडवायला नख लावावं लागलं.
"यानं आधी पीट पाहिलं," त्या म्हणाल्या,
"मग कोळसा, मग तेल. आता हे काय ते."

मी माझा नेहमीचा खेळ दाखवला.
काचेवर कालचं वर्तमानपत्र, त्यावर पातेलं, पातेल्यात पाणी.
पाणी उकळलं, कागद जळला नाही.
त्या पातेल्याखालचे मेंढ्यांचे भाव वाचत होत्या.
"म्हणजे आच फक्त भांड्याला?"
फक्त भांड्याला, मी छाती फुगवून म्हणालो.
जुन्यासारखी घरभर वाया जात नाही.

आठवड्यानं बिलाचे पैसे न्यायला गेलो.
तव्यावर मनुक्यांचे केक होत होते,
एकदम सगळीकडून सारखे, तांबूस.
"पहिले दोन दिवस कोळसे केले मी यांचे," त्या म्हणाल्या.
"हा थांबत नाही कुणासाठी. पाठ वळली की संपलं."
मी चार खाल्ले. पाचव्याला नको म्हणालो, मग खाल्ला.

मॉट त्या खळग्यात पडला होता,
नाक काचेच्या दाराकडे, अंग आखडून.
तिथून त्याला काहीच मिळत नव्हतं.
वाया जाणाऱ्या उष्णतेवर
या घरातली सात कुत्री जगली,
हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

बाईंनी शेवटचा केक उतरवला.
तवा पुसला, पुन्हा काचेवर ठेवला, रिकामा.
खुर्चीवर ग्विलिमचा जाड स्वेटर घडी करून ठेवलेला,
बाह्या आत दुमडून.
"तू शिकलेला आहेस," त्या म्हणाल्या.
"सांग, कितीवर ठेवू? गुंडाळून त्याच्याखाली द्यायचाय."

माहितीपुस्तकात असलं पान नव्हतं.
रिकामं भांडं तापवू नका, एवढं मात्र होतं, ठळक अक्षरात.

मी म्हणालो, तीन.
मग मॉटकडे बघितलं.
दोन, म्हणालो. आणि जवळ उभ्या राहा.